टिकली किती मोठी, हे मालक ठरवणार का?

गौरी-गणपतीच्या आगेमागे आमच्या शेजारच्या मुलीला सोलापुरात होटगी रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये नोकरी लागली. पगार महिना १२ हजार. पहिल्याच दिवशी तिच्या हातात इंग्रजीत छापलेली दोन पानं आली आणि खाली सही करायला सांगितलं. तिची आई संध्याकाळी ती पानं घेऊन आमच्याकडे आली. "भाऊ, जरा बघा की. नखाला ‘न्यूड’ रंग लावायचा म्हणतेत. हे असलं काय असतंय ओ?"

न्यूड म्हणजे कातडीच्या रंगाशी मिळताजुळता रंग, एवढंच. हे ऐकून माउलीचा जीव भांड्यात पडला. पण बाकीची कलमंही काही कमी नव्हती. केस अंबाड्यात, अंबाडा जाळीत. टिकली ‘लहान’. मेंदी नको. बांगडी एका हातात एकच. दिसेल असं गोंदण नको. मुलांनी रोज दाढी करून यायचं. आणि कलम १४: नियम मोडल्यास दर वेळी १०० रुपये दंड, पगारातून.

मुलीचा प्रश्न सरळ होता. "काका, त्यांना असं सांगता येतं का ओ?"

येतं. पण सगळं नाही, आणि त्या पानांवर लिहिलंय त्या पद्धतीनं तर नाहीच. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या टाइम ऑफिसात सतरा वर्षं काढली. हजेरी, मस्टर, मेमो, शो-कॉज नोटीस यांतच केस पांढरे झाले. असले नियम मी स्वतः टाइप केलेत, भिंतीला चिकटवलेत आणि त्यांवरून पेटलेली भांडणं मिटवलीत. तेव्हा जे तिला सांगितलं तेच इथं जरा पसरून लिहितो.

## कपडा खुंटीला टांगता येतो, दाढी नाही

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण नोटिशीत त्या एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. गणवेश म्हणजे सगळ्यांना एकच कपडा. ड्रेस कोड म्हणजे कपडे तुमचे, चौकट त्यांची: जीन्स नको, चप्पल नको. आणि ग्रूमिंग म्हणजे कपड्याच्या आतला माणूस: केस, दाढी, नखं, टिकली, गोंदण.

गणवेश म्हणजे काय हे सोलापूरकराला शिकवायला नको. चादर आणि टॉवेलनंतर या गावानं कशात नाव काढलं असेल तर गणवेश शिवण्यात. कुठल्या कुठल्या गावच्या शाळा, हॉस्पिटलं आणि हॉटेलांचे कपडे इथून शिवून जातात. आणि एकसारखे कपडे घालायला माणसाचा मुळात विरोध असतो असंही नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांमागे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बघा. कुणी दंडाची भीती घातलेली नसते. उलट घरातल्या धाकट्याला पहिली बाराबंदी शिवली की आजी दृष्ट काढते.

बाराबंदी रात्री उतरवून ठेवता येते. कंपनीचा शर्टही. ड्यूटी सुटली, शर्ट खुंटीला, तुम्ही तुमचे. पण सकाळी उतरवलेली दाढी संध्याकाळी परत चिकटवता येत नाही. ‘मेंदी नको’ हा नियम दुकानापुरता राहत नाही, तो बहिणीच्या हळदीतही तुमच्या हाताला धरून बसतो. मालक पगार देतो दिवसातल्या आठ-नऊ तासांचा आणि नियम चालतो चोवीस तास.

माझी फूटपट्टी हीच आहे. जो नियम घरी जाताना काढून ठेवता येतो त्याला साधं कारण पुरतं. जो अंगावरच राहतो त्याला भक्कम कारण लागलं पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात ही ओळ अशी सापडणार नाही, पण या विषयावरची गाजलेली भांडणं वाचत गेलात तर बहुतेकांचं मूळ इथंच निघतं.

## यंत्राला भीडभाड नसते

सगळ्यात भक्कम कारण जिवाचं. फिरता पट्टा, गिअर, शाफ्ट यांना तुमची ओढणी, लुंगीचं टोक, मोकळी वेणी सगळं सारखंच. एकदा पकडलं की माणूस ओढला जातो, आणि हे इतक्या झटक्यात होतं की शेजारच्या मागावरच्याला बटन बंद करायलाही वेळ मिळत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये म्हणूनच लिहिलं होतं, की चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेलपाण्याचं काम करणाऱ्या माणसानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे. आणि त्याच वाक्यात पुढे, जे मालक लोक वाचताना नेमकं गाळतात: हे कपडे मालकानं पुरवायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितांमध्ये सामावला गेला, पण त्यामागचा विचार जुनाच आहे. सुरक्षेसाठी कपडा सक्तीचा असेल तर त्याचा भुर्दंड कामगारावर पडू नये.

अन्नाच्या धंद्यातही तसंच. शेंगा चटणीची पाकिटं भरणाऱ्या बाईला केस झाका, खोटी नखं लावू नका, सैल दागिने घालू नका असं सांगितलं तर त्यात अपमान नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत हे आहे. चटणीत टिकली सापडली तर गिऱ्हाईक ती कुणाच्या श्रद्धेची होती हे विचारत नाही.

खरा पेच कारण आणि श्रद्धा समोरासमोर आल्यावर पडतो. आमच्या कारखान्यात एक माळकरी होते, पंढरपूरजवळच्या गावचे. नवा सुपरवायझर आला आणि गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगू लागला, कारण कांडी मशीनवर वाकताना ती पुढे लोंबायची. ते म्हणाले, "साहेब, मान काढून ठेवतो, माळ नाही." दोन दिवस काम बंद. सुपरवायझरचं चुकीचं नव्हतं, माळकरी बुवांचंही नव्हतं. शेवटी त्यांना घडी खात्यात घेतलं. तिथं फिरतं यंत्र नाही, टॉवेल मोजायचे आणि घड्या घालायच्या. पगार तोच. मला ते प्रकरण मेमो न काढता मिटवलेल्या मोजक्या प्रकरणांपैकी एक म्हणून आठवतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी युरोपातल्या एका निकालाबद्दल वाचलं आणि हेच प्रकरण डोळ्यांपुढे आलं. ब्रिटिश एअरवेजच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका बाईंना गळ्यातला छोटा क्रॉस दिसू देऊ नका असं सांगितलं होतं. त्याच देशातल्या एका नर्सलाही क्रॉसची साखळी घालायला हॉस्पिटलनं मनाई केली होती. दोघींचे दावे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात एकत्र चालले आणि जानेवारी २०१३ मध्ये निकाल लागला. काउंटरवरच्या बाई जिंकल्या, नर्स हरल्या. क्रॉस सारखाच, पण कारणं वेगळी. विमान कंपनीचं म्हणणं होतं आमची प्रतिमा. हॉस्पिटलचं म्हणणं होतं की रुग्णानं साखळी ओढली किंवा ती जखमेला लागली तर? पहिलं कारण न्यायालयाला एका छोट्या क्रॉसपुढे हलकं वाटलं, दुसरं जड. तो निकाल भारतात बंधनकारक नाही. पण विचार करायची रीत म्हणून माळ, मंगळसूत्र, इष्टलिंग, हिजाब या सगळ्यांना तो कामाला येतो. चिन्ह कोणतं हे मागाहून बघा, आधी कारण कोणतं ते विचारा.

## पण राज्यघटना माझ्या बाजूनं आहे ना?

हा प्रश्न तरुण पोरं हमखास विचारतात, आणि उत्तर ऐकून हिरमुसतात.

राज्यघटनेतले मूलभूत हक्क हे प्रामुख्यानं सरकारच्या गळ्यात बांधलेलं दावं आहे. बैल दांडगा, म्हणून दावंही जाड. समानतेचा हक्क, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य यांच्या जोरावर तुम्ही सरकारी खात्याला, महापालिकेला, सार्वजनिक बँकेला कोर्टात खेचू शकता. पण शेजारच्या गोठ्यातला बैल, म्हणजे खासगी शोरूम, सहसा त्या दाव्याला बांधलेला नसतो. त्याच्यासाठी वेगळी दावी वळली आहेत: वेतनाचा कायदा, औद्योगिक संबंधांचा कायदा, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. ती बारीक आहेत, पण आहेत.

अंगावर काय घालावं हे अभिव्यक्तीत मोडतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. आपण स्वतःला पुरुष मानतो की स्त्री की आणखी काही, हे माणूस पेहरावातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करतो आणि तो त्याचा हक्क आहे, असा त्याचा आशय. त्यानंतर २०१९ चा कायदा आला. त्यात तृतीयपंथी व्यक्तीशी नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे आणि ती खासगी आस्थापनांनाही लागू आहे. म्हणून ‘मुलांनी हे, मुलींनी ते’ अशी दोन रकान्यांची यादी छापणाऱ्या प्रत्येक दुकानानं थांबून विचार करावा, की तिसरं कुणी नोकरीला आलं तर त्याला कोणता रकाना दाखवणार?

## सरकारी माणूस तरी सुटला का?

नाही, फक्त त्याची नोटीस मंत्रालयातून येते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं: जीन्स-टीशर्ट नको, कार्यालयात स्लीपर नको, शुक्रवारी खादी घाला. ओरड झाली. मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी मागे घेतली गेली, टीशर्टवरची राहिली. डिसेंबरात अशोभनीय असलेली जीन्स मार्चात शोभायला लागली, तेव्हा शोभेचं कारण किती पक्कं असतं ते बघा. (शुक्रवारच्या खादीमागचं कारण मला मान्य होतं, हातमागाला काम मिळावं. आमच्या यंत्रमागाला त्यातून काही मिळालं नाही, ते असो.)

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांचा नंबर लागला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट पँटीत खोचून, जीन्स-टीशर्ट आणि भडक नक्षी नको. जिल्हा परिषदेच्या ज्या मास्तरांना पोषण आहाराची नोंद, मतदार यादी आणि गळकं छप्पर सगळं एकट्यानं सांभाळायचंय, ते खोचलेल्या शर्टावर काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

एक नियम मात्र शहाणपणाचा आहे. वकिलांचा काळा कोट. सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडलं तर इतर न्यायालयांत उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा जिल्हा न्यायालयाच्या आवारात या सवलतीची किंमत कळते. ज्यानं नियम केला त्यानं हवा बघितली होती. आता उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, काम कोल्हापूरला सुरू झालंय, तिकडे जाताना कोट पुन्हा पिशवीत.

## ‘त्याला चालतं, मग मला का नाही?’

दाढीवरून सगळ्यात जास्त कोर्टबाजी झाली ती गणवेशधारी दलांत. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवल्याबद्दल सेवेतून काढलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवाई दलाच्या बाजूनं निकाल दिला. हवाई दलाचा नियम असा, की ज्यांच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायलाच मनाई आहे त्यांनाच सूट. शीख त्यात बसतो. आपल्या धर्मात तशी मनाई असल्याचं त्या जवानाला दाखवता आलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं, आणि दलात एकसारखेपणा व शिस्त यांना महत्त्व आहे.

आपल्या राज्यातलं प्रकरण राज्य राखीव पोलीस दलाचं. सोरेगावला या दलाचा कॅम्प आहे, त्यामुळे ही दाढीची गोष्ट इकडे पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. एका मुस्लिम शिपायाला दाढीवरून निलंबित केलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोडगा सुचवला, की धार्मिक काळापुरती दाढी ठेव आणि कामावर रुजू हो. त्यानं नाही म्हटलं.

मला हे तर्कशास्त्र पूर्ण पटत नाही. ‘धर्मात सक्ती आहे का’ हे विचारलं की न्यायाधीशाला ग्रंथ उघडावे लागतात आणि माणसाच्या मनातली निष्ठा बाजूला राहते. आमच्या माळकरी बुवांना कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणून विचारलं असतं तर ते हसले असते. पण सैन्य आणि पोलीस यांच्याबाबत न्यायालयं वेगळी पट्टी लावतात हे खरं आहे, आणि ती पट्टी उचलून शोरूमला लावता येत नाही. शोरूमच्या मालकानं ‘एअरफोर्समध्ये पण चालत नाही’ म्हणून सांगितलं, तर त्याला नम्रपणे विचारावं की आपण सीमेवर नेमकं काय विकतो?

गोंदणाचं गणित तर गमतीचं आहे. आमच्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदलेलं होतं. त्याशिवाय बाई सासरी जात नसे. आज केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत गोंदण चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कारण उजव्या हातानं सॅल्यूट करायचा असतो. देवाचं चित्र किंवा नाव चालतं. आकार त्या अवयवाच्या पावपटीपेक्षा लहान हवा. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, मैत्रिणीचं नाव कुठं आणि केवढं गोंदवायचं हे आधी नियम वाचून ठरवा.

## मुलींच्या पानावर जास्त कलमं का?

त्या दोन पानांवर मुलांसाठी पाच कलमं होती, मुलींसाठी सतरा. मी मोजली. यात कुणी दुष्टपणा केला असेल असं नाही. बाईचं दिसणं हा मालाचाच भाग समजायची जुनी सवय आहे. हवाई सुंदऱ्यांना पहिल्या बाळंतपणाच्या चाहुलीलाच नोकरीवरून काढायचा एअर इंडियाचा नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये रद्द केला. त्याच निकालात नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही हा नियम मात्र कायम ठेवला, हेही लक्षात ठेवा.

कलमांची किंमत वेळेत मोजा. अंबाडा, जाळी, मेकअप, नखं यांना रोज पाऊण तास लागतो, आणि तो हजेरीत धरला जात नाही. टाचांचे बूट सक्तीचे असतील तर संध्याकाळी पोटऱ्या सांगतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २०१७ मध्ये उंच टाचांची सक्ती नियमानं बंद केली, ती सौंदर्याच्या नव्हे, पायांच्या आरोग्याच्या मुद्द्यावर. आपल्याच देशात केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या नोकरांना बसायची सोय सक्तीची केली. तिथल्या साडीच्या दुकानांत मुलींना गिऱ्हाईक नसतानाही उभंच राहावं लागायचं, बसलेली मुलगी आळशी दिसते म्हणून. हासुद्धा दिसण्याचाच नियम, फक्त कुठं लिहिलेला नव्हता.

आणि नियम तपासणारी नजर कुणाची? "आज ओठ फिके दिसतायत" असं मॅनेजर म्हणतो तेव्हा ती ग्रूमिंगची तपासणी राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा शेरेबाजीला लागू होऊ शकतो. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हे त्या दोन पानांवर नव्हतं.

## दुकानदाराचंही ऐका

चाटी गल्लीतले जुने कापड व्यापारी मला म्हणतील, की साहेब, आमच्या आजोबांच्या गादीवर दिवाणजी पांढरं धोतर आणि टोपीतच बसायचे, तेव्हा तुम्ही लेख लिहिला नाहीत. खरं आहे. गिऱ्हाईक आत येताना पहिल्या क्षणी माणूस बघतं, मग कापड. मळका शर्ट, घामाचा वास, वाढलेली नखं यांच्याबद्दल बोलायचा मालकाला पूर्ण हक्क आहे, आणि ‘दाढी ठेवा पण कोरून ठेवा’ हेही वाजवी आहे. स्वच्छतेचा नियम मला कधीच खटकला नाही. खटकतं ते स्वच्छतेच्या नावाखाली आवडनिवड घुसडणं. कोरलेली दाढी अस्वच्छ कशी? मसूरडाळीएवढी टिकली चालते आणि तूरडाळीएवढी का नाही?

आणि या गावानं डोक्यावरच्या कापडावरून फार मोठी गोष्ट पाहिलेली आहे. १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत इथं गांधी टोपी लष्कराच्या डोळ्यांत खुपत होती. वरवर पाहिलं तर वीतभर पांढरं कापड.

## शंभर रुपयांचं कलम

आता कलम १४. माझ्या मते त्या पानांवरचं हे सगळ्यात कच्चं कलम, आणि नोकरदाराच्या हातात खरी ताकद आहे ती इथं. टिकलीच्या आकारावर कायदा जवळजवळ गप्प आहे, पण पगाराला हात लावायच्या पद्धतीवर तो भरपूर बोलतो.

वेतनाच्या कायद्यात, जुन्याही आणि आताच्या संहितेतही, दंडाची मर्यादा ठरलेली आहे: एका पगारात सगळे दंड मिळून वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंत. १२ हजारांवर ३६० रुपये. म्हणजे महिन्यात तीनदा शंभर कापून झाले की चौथं शतक पूर्ण होत नाही. शिवाय कोणत्या चुकीला दंड आहे त्याची यादी संबंधित अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेऊन लावलेली हवी, नुसती मालकाच्या मनात असून भागत नाही. दंडाआधी माणसाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. दंड हप्त्यानं वसूल करता येत नाही, आणि ९० दिवस उलटल्यावर तर मुळीच नाही. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट: दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही. ती वहीत नोंदवून कामगारांच्याच भल्याच्या कामाला लावायची असते. आमच्याकडे एक वर्ष त्यातून कॅरम बोर्ड आला होता.

गणवेशाचे पैसे कापण्याबद्दलही तसंच. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यात दिलेली आहे आणि यादीबाहेरची कपात चालत नाही. तेव्हा ‘युनिफॉर्म – १,८००’ असं पगारपत्रकावर दिसलं तर हे नेमकं कशाखाली कापलं, हे लेखी विचारावं. तोंडी विचारलेलं हवेत जातं.

मोठ्या कारखान्यांत आणखी एक आधार असतो, स्थायी आदेश. म्हणजे कामाच्या अटींचं मंजूर झालेलं पुस्तक. नव्या संहितेत ते ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागतं. जुन्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाची जी यादी होती तिच्यातलं पहिलंच वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की झोपेत म्हणेन: वरिष्ठाचा ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेश जाणूनबुजून न पाळणं. मालक ‘आदेश’ या शब्दावर बोट ठेवतो. कामगारानं ‘वाजवी’वर ठेवावं. आदेशच वाजवी नसेल तर तो मोडणं गैरवर्तन कसं, हे चौकशीत विचारता येतं, आणि आरोपपत्र, चौकशी, उत्तराची संधी यांशिवाय काढलेला माणूस पुढे टिकून भांडू शकतो.

दहा-पंधरा माणसांच्या दुकानात हे पुस्तक नसतं. तिथं मालकाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणं फार सोपं आहे, हे मी त्या मुलीपासून लपवलं नाही.

## मग सही करू की नको?

"कर," मी म्हटलं. नोकरीची गरज होती आणि पानांवरचं पुष्कळसं पाळण्यासारखंही होतं. पण सहीबरोबर एक साधा अर्ज दे, त्याची प्रत स्वतःकडे ठेव आणि पोच घे. अर्जात दोनच प्रश्न लिहिले. कलम १४ चा दंड वेतनाच्या कायद्यात कसा बसतो ते कळवावं. आणि सणवार, व्रत, लग्नकार्य अशा वेळी मेंदी, चुडा, दाढी यांना सूट आहे का? तक्रार नाही, आरोप नाही, नुसते प्रश्न. टाइम ऑफिसातल्या माणसाला तक्रारीचं उत्तर देता येतं, प्रश्नानं तो गडबडतो. मी गडबडलोय.

उत्तर आलं नाही. पण दसऱ्यानंतर नवीन पानं वाटली गेली तेव्हा त्यांत कलम १३ नंतर एकदम कलम १५ होतं.

नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली. सोलापूरच्या पूर्व भागातले पुष्कळ लोक त्या दिवसांत अय्यप्पाची माळ घालतात: ४१ दिवस काळे कपडे, अनवाणी, दाढी-केस वाढलेले. एका सकाळी शोरूमचे फ्लोअर मॅनेजरच तसे आले. गिऱ्हाइकं त्यांना ‘स्वामी’ म्हणून हाक मारत होती आणि खरेदीही नेहमीसारखीच चालली होती. त्यांच्या मागे आणखी दोन मुलांनी माळ घातली. एकानं नुसतीच दाढी वाढवली आणि विचारल्यावर ‘माझं पण आहे’ एवढंच म्हणाला.

आता माघात मुलीच्या मोठ्या बहिणीचं लग्न आहे. परवा ती मेंदीसाठीचा अर्ज लिहायला माझ्याकडे कागद घेऊन बसली होती. ‘माननीय मॅनेजर साहेब’ लिहून झालं. मग तिनं ते खोडलं आणि विचारलं, "काका, साहेब लिहू का स्वामी लिहू?"